टाकीचं लाल जाकीट

"…चौदा नंबर आता असं भाड्यानं ठेवताच येणार नाही म्हणे. नॉर्मन स्वतःच सांगत होता. कायदा कडक होतोय पुढे. त्या कॉनीला मार्चअखेर बाहेर काढायचं, आणि मग एकदा का घर रिकामं झालं, की—"

आणि नेमकं त्याच क्षणी हॅलीवेल खाटकानं बेकन कापायचं यंत्र सुरू केलं.

ब्रेंडा होलरॉइडनं आयुष्यात बेकनचा एवढा राग कधी केला नव्हता. ती रांगेत मागेच उभी होती. पुढच्या दोघींपैकी एक घरमालक नॉर्मन क्रॅबट्रीची वहिनी, म्हणजे बातमी अगदी घरातली. यंत्र घरघरत राहिलं, वहिनीबाईंचे ओठ हलत राहिले, आणि ब्रेंडाचा कान इतका पुढे गेला की तिची टोपली वहिनीबाईंच्या पाठीला टेकली. यंत्र थांबलं तेव्हा त्या दोघी कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनवर पोचल्या होत्या.

आता सरळ विचारावं, तर आपण ऐकत होतो हे कबूल करावं लागतं. आणि ब्रेंडा चोरून ऐकणारी बाई नव्हती. (असं तिचं स्वतःचं मत होतं. आमच्या बेक स्ट्रीटवर या मताला तिच्याखेरीज कुणाचं मत पडलं नसतं.) तिनं दोन पोर्क-पाय, म्हणजे मांस भरलेल्या कचोऱ्या, घेतले, सुटे पैसे विसरली, परत येऊन घेतले आणि चढ चढता चढता ते अर्धं राहिलेलं वाक्य स्वतःच पुरं करून टाकलं. घर रिकामं झालं, की विकायचं! दुसरं काय?

"ट्रेव्हर," घरात शिरताच ती म्हणाली, "कॉनीला घराबाहेर काढतायत."

ट्रेव्हर म्हणजे तिचा नवरा. बसच्या डेपोत जन्म काढलेला माणूस; बिघडलेलं इंजिन सोडून कशाचीही घाई नसलेला. "कोण काढतंय?"

"नॉर्मन!"

"कशाला?"

"विकायला!"

"कॉनीला?" ट्रेव्हरनं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "या वयात?"

"घर रे! घर विकायला!"

कॉनी ग्रीनवुड शेजारी चौदा नंबरात राहायची. ब्रेंडा सोळात. आमच्याकडची घरं दगडी, एकाला एक चिकटलेली, दोन घरांत मिळून एक भिंत. त्या भिंतीच्या एका बाजूला कॉनी खोकली की दुसऱ्या बाजूला ब्रेंडा "काय गं, बरी आहेस ना?" म्हणायची. ब्रेंडाची मुलं लहान असताना कॉनीच्या स्वयंपाकघरात वाढली. ब्रेंडाची आई गेली तेव्हा कॉनी काही न बोलता सबंध दिवस तिच्या घरात नुसती बटाटे सोलत बसली होती. ती गेली की त्या भिंतीपलीकडे कोण येणार? कुणीतरी शहरातलं नोकरदार जोडपं येणार, दाराला राखाडी रंग लावणार आणि 'हॅलो'सुद्धा घड्याळ बघून म्हणणार.

पाय पुसून ब्रेंडा तशीच शेजारी गेली. कॉनी चहा गाळत होती. अठ्ठ्याहत्तरची, बारीक, ताठ, अंगावर दोन स्वेटर.

"नॉर्मन काय म्हणतोय हल्ली?" ब्रेंडानं अगदी सहज विचारलं. (तिच्या 'सहज'ला सगळा रस्ता ओळखायचा.)

"यायचाय गुरुवारी. कुणा बाईला पाठवतोय, घर तपासायला. घराला अक्षर देतात ना हल्ली, तसलं."

"अक्षर?"

"अगं, शाळेतल्या पोरांना देतात तसं. ए म्हणजे हुशार, जी म्हणजे दगड. घर ऊब किती धरतं त्यावर. ईच्या खाली गेलं तर भाड्यानं देता येत नाही. या घराला मागे ई मिळालं होतं. काठावर पास. आता त्याची मुदत संपलीय."

ब्रेंडानं मनात हिशेब घातला. बातमी जुळत होती. घर नापास, म्हणून कॉनी बाहेर, म्हणून घर विक्रीला. एका अक्षरावर सगळं आलं होतं, आणि ही बाई शांतपणे चहात दूध ओतत होती! हिला बिचारीला काहीच ठाऊक नाही. सांगावं का? नको. म्हाताऱ्या माणसाला उगाच घोर लावायचा नाही. त्यापेक्षा गुपचूप मदत करावी आणि घर पास करून टाकावं.

एवढाच तो निर्णय. छोटासा, चांगल्या मनानं घेतलेला.

"मी बुधवारी हॅलिफॅक्सला बहिणीकडे जाणारे," कॉनी म्हणाली. "गुरुवारी दुपारी येईन. मला उशीर झाला तर तू त्या बाईला दार उघडशील? किल्ली आहेच तुझ्याकडे."

"उघडीन की!"

कॉनीनं तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "फक्त दार उघड, पोरी. कशाला हात लावू नकोस."

तपासायला कुणी येणार म्हटल्यावर आमच्याकडची बाई एकच गोष्ट करते. डॉक्टर असो, पाद्री असो, गॅसचं मीटर वाचणारा असो. त्याला आपलं घर कुरूप दिसता कामा नये. मीटर जिन्याखाली असतं म्हणून जिन्याखालची कोळिष्टकं काढणाऱ्या बायका आमच्या रस्त्यावर आहेत. ब्रेंडाची आई तर रुग्णवाहिका बोलावल्यावर आधी पायऱ्या धुवायला गेली होती. तेच रक्त.

बुधवारी कॉनीची बस वळणावर दिसेनाशी झाली आणि ब्रेंडा बादली, फडकी आणि ट्रेव्हर घेऊन चौदा नंबरात शिरली.

पुढच्या दारापाशीच तिला पहिला धक्का बसला. दाराच्या आतल्या बाजूला जुनं करडं घोंगडं टांगलेलं. पत्रांच्या फटीत एक मोजा कोंबलेला. उंबऱ्यावर कापडाचा लांबलचक साप, आत वाळू भरलेला, शिवण उसवलेली. ब्रेंडा नेहमी मागच्या दारानं येई, थेट स्वयंपाकघरात. पुढची बाजू तिनं कित्येक वर्षांत पाहिलीच नव्हती. "काय हा अवतार!" म्हणत तिनं घोंगडं काढलं, मोजा काढला, साप उचलून मागच्या अंगणात ठेवला.

पुढच्या खोलीत एका पडद्याआड अरुंद खाट होती. नीट अंथरलेली. उशीखाली गरम पाण्याची रबरी पिशवी.

"ही इथे काय करतेय?" ट्रेव्हर म्हणाला.

ब्रेंडानं पडदा परत ओढला. ती वर गेली. वरच्या झोपायच्या खोलीचं दार जरा जोर लावून उघडावं लागलं. आत मोठा पलंग, त्यावर नुसती गादी, आणि गार वास. कोपऱ्यात भिंतीवर ओल चढलेली. इथे कुणी झोपत नव्हतं, आणि हे काल-परवाचं नव्हतं.

कुठल्या घरात कुठला ब्रेड येतो, कुणाची कुणाशी बोलाचाली बंद आहे, कुणाचा जावई कुठल्या नोकरीतून निघाला, हे सगळं ब्रेंडाला तोंडपाठ होतं. पण भिंतीपलीकडची बाई हिवाळे हिवाळे खालच्या खोलीत, पडद्याआड झोपते, हे तिला ठाऊक नव्हतं. ती त्या उघड्या गादीच्या काठावर बसली. याच भिंतीपलीकडे तिची आणि ट्रेव्हरची खोली. म्हणजे आपण रात्री भिंतीला हात लावून 'चला, कॉनी आहे शेजारी' म्हणायचो, तेव्हा शेजारी कुणीच नव्हतं.

"ब्रेंडा," ट्रेव्हर खालून ओरडला, "टाकीचं काय करायचं?"

टाकी म्हणजे जिन्यावरच्या कपाटातली गरम पाण्याची तांब्याची टाकी. तिला कुणीतरी कधीकाळी लाल जाकीट घातलेलं. फुगीर, फाटकं, दोरीनं कसंबसं बांधलेलं, बोट लावलं तर आतून पिवळा कापूस बाहेर येणारं. एखाद्या दारुड्याला कुणी कोट घालून उभं करावं तशी ती टाकी दिसत होती.

"काढ ते! शोभतं का?"

ट्रेव्हरनं जाकीट काढलं. ब्रेंडानं लिंबू आणि मीठ लावून टाकी घासली. तांबं असं चमकायला लागलं की ट्रेव्हरला त्यात स्वतःचं टक्कल दिसलं.

मग दिवे. कॉनीकडे पांढरे एलईडीचे दिवे होते. "दवाखान्यासारखा उजेड," ब्रेंडा म्हणाली. "घर ऊबदार वाटायला हवं." ट्रेव्हरनं आपल्या शेडमधून जुने पिवळे बल्ब शोधून आणले आणि एकेक करत सगळे बदलले. मग जिन्यावरच्या छतातलं, माळ्यावर चढायचं झाकण. त्याच्या कडेनं काळपट फट दिसत होती. ट्रेव्हरकडे चकचकीत पांढरा रंग उरलेला होता. त्यानं झाकण, चौकट आणि मधली फट, सगळं असं एकसंध रंगवलं की तिथे झाकण होतं हे सांगावं लागलं असतं. ट्रेव्हरनं आयुष्यात इतकं सफाईदार काम दुसरं केलं नाही, हे मी आजही सांगेन.

आणि शेवटी शेकोटी. पुढच्या खोलीत भिंतीतल्या शेकोटीचं तोंड बंद करायला त्यावर एक लाकडी पाटी ठोकलेली होती. ब्रेंडानं कमरेवर हात ठेवून ती न्याहाळली.

"त्या बाई ऊबच मोजायला येणार ना? मग आत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांना विस्तव दिसू दे."

"पाटी कुणीतरी कारणानं ठोकली असेल," ट्रेव्हर म्हणाला.

"कारण एकच. आळस."

ट्रेव्हरनं पाटी उचकटली.

गुरुवारी दुपारी ब्रेंडानं विस्तव पेटवला. आल्याचा पार्किन केक कापून ठेवला, चांगल्या कपबश्या काढल्या, आणि आरशात बघून केस सारखे केले. धुराड्यात कावळ्यांनी घरटं केलेलं आहे, हे कळायला फार वेळ लागला नाही. आधी थोडी काजळी पडली. मग बऱ्याच काड्या पडल्या. मग धुरानं वर जायचा नाद सोडला आणि तो खोलीत येऊन बसला. ब्रेंडा खोकत खोकत धावली, पुढचं दार उघडलं, मागचं उघडलं, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. फेब्रुवारीतला वारा डोंगरावरून जो सुटला तो चौदा नंबराच्या पुढल्या दारानं आत आणि मागल्या दारानं बाहेर.

त्याच दारात तपासनीस बाई उभ्या राहिल्या. शगुफ्ता अख्तर नाव. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र, जॉगिंगचे बूट. बोलणं अस्सल आमच्या खोऱ्यातलं.

"आग लागलीय का हो, बाई? की मी दुसऱ्या दिवशी येऊ?"

"या, या! आत या. ऊब वाटतेय ना?"

अख्तरबाईंनी कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "वाटेल हळूहळू."

त्या मुकाट्यानं कामाला लागल्या. मापं घेत होत्या, फोटो काढत होत्या. ब्रेंडा पार्किनची बशी घेऊन मागून मागून.

"शेकोटी उघडी आहे," अख्तरबाईंनी टॅबलेटवर टिपलं.

"हो ना! छान आहे ना?"

"घरातली ऊब आधी इथून पळते, बाई. उघडं धुराडं म्हणजे बारमाही उघडी खिडकी." त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं. "सगळीकडे हेच बल्ब?"

"सगळीकडे!" ब्रेंडा अभिमानानं म्हणाली. अख्तरबाईंनी तेही टिपलं.

जिन्यावरचं कपाट उघडलं. तांब्याची टाकी मंदिराच्या कळसासारखी झळकली. अख्तरबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"आई गं. इतकी स्वच्छ टाकी मी आजवर पाहिली नाही." मग त्यांनी टाकीच्या अंगावरून हात फिरवला. "आणि इतकी उघडीसुद्धा. जाकीट नाही?"

"जाकीट," ब्रेंडा म्हणाली, "असायला हवं असतं?"

"तर! नुसती उघडी टाकी म्हणजे गरम पाण्यानं कपाट तापवणं. फार गुण जातात हो याचे." त्यांनी वर बघितलं. "माळ्यावर कुठून जायचं?"

ब्रेंडानं भिंतीवर थाप मारून ट्रेव्हरला बोलावलं. ट्रेव्हर शिडी घेऊन आला, वर चढला, हातानं ढकललं, खांद्यानं ढकललं, आणि शेवटी डोक्यानं ढकललं. झाकण जागचं हललं नाही. ट्रेव्हर खाली उतरला तेव्हा त्याच्या टकलावर पांढऱ्या रंगाचा गोल वाटोळा शिक्का उठला होता.

"वर ऊब धरायची लोकर अंथरलेली आहे," तो म्हणाला. "इतकी जाड! नॉर्मननं घातली तेव्हा मीच वर चढवली होती. माझ्या शब्दावर घ्या."

"दादा, तुमच्या शब्दावर मी घर विकत घेईन," अख्तरबाई म्हणाल्या. "पण कागदावर फक्त डोळ्यांना दिसतं ते घालता येतं. माळा दिसला नाही, की घराच्या वयावरून धरायचं. आणि या घराच्या वयाला लोकरबिकर काही नव्हतं."

एवढ्यात उघड्या दारातून नॉर्मन क्रॅबट्री आत आला. सत्तरीचा, पोस्टातून निवृत्त झालेला, ओले बूट हातात घेऊन मोज्यांवर उभा राहणारा माणूस. हे एकच घर त्याच्या मालकीचं, त्याच्या आईचं.

"काय निघतंय?" त्यानं विचारलं.

अख्तरबाईंनी टॅबलेटकडे बघून जरा कचरत सांगितलं. "आकडेमोड अजून पुरी नाही. पण आज जे दिसतंय त्यावर… ई नाही. एफही कठीण. जी."

नॉर्मन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. बूट बाजूला ठेवले.

"जी," तो म्हणाला. "मला वाटलं होतं ईच्या आसपास असेल, भिंतींचं केलं की जमेल. पण तळातूनच सगळं करायचं म्हटलं तर माझ्याच्यानं नाही व्हायचं. माझं वय आहे का ते आता? मग विकूनच टाकावं लागेल."

'लागेल.' म्हणजे अजून ठरलेलं नव्हतं. आत्ता, या पायरीवर ठरत होतं. आणि ठरवणारा नॉर्मन नव्हता. लिंबू-मीठ ठरवत होतं.

ब्रेंडानं पार्किनची बशी खाली ठेवली. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. सगळ्यांनी कायद्याला नावं ठेवली असती, तिनं सगळ्यांत मोठ्यानं. बोललं, तर चोरून ऐकणं आलं, लुडबुड आली, उद्या खाटकाच्या दुकानात हसू आलं.

"मिस्टर क्रॅबट्री," ती म्हणाली. "घर जी नाहीये. मी केलं ते जी."

"म्हणजे?"

"टाकीला जाकीट होतं. मी काढलं. घाण दिसत होतं म्हणून. शेकोटीवर पाटी होती, ती काढायला लावली. दिवे चांगले होते, ते आमच्या शेडमध्ये आहेत. आणि माळ्याचं झाकण…" तिनं ट्रेव्हरकडे पाहिलं. ट्रेव्हरनं डोकं खाली घातलं, त्यामुळे शिक्का सगळ्यांना आणखी नीट दिसला.

"पण का?" नॉर्मन म्हणाला.

"घर पास व्हावं म्हणून!"

पहिल्यांदा अख्तरबाई हसल्या. त्यांनी हसू दाबायला पार्किनचा तुकडा तोंडात घातला, आणि त्यांना ठसका लागला.

"आणि तुम्ही कॉनीला काढू नये म्हणून," ब्रेंडाचा बांध फुटला. "मार्चअखेर बाहेर काढणार आहात ना तिला? घर रिकामं झालं की विकणार. ऐकलंय मी!"

"कुणाकडून?"

"तुमच्या वहिनीकडून."

"ती तुला असं म्हणाली?"

"मला नाही. अशीच… हवेत म्हणाली."

"घर रिकामं झालं की गवंडी येणार!" नॉर्मन उठून उभा राहिला. "बाहेरच्या भिंतींना आतून जाड अस्तर घालायचंय. जमिनीखालीही. त्या धुळीत माणूस कसा राहील? तेवढ्यापुरतं कॉनीनं बाहेर राहायचं आणि काम झालं की परत यायचं. आई माझी याच घरात कुडकुडत गेली, ब्रेंडा. तेव्हा मला वाटायचं म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजतेच. मागे घर तपासायला आलेल्या माणसानं माझा हात धरून भिंतीला लावून दाखवला. तेव्हा कळलं, थंडी आईला नव्हती, भिंतीला होती."

धुराड्यातून आणखी एक काडी पडली.

"आणि हे मला ठाऊक आहे," मागून आवाज आला. कॉनी दारात उभी होती, हातात बहिणीनं दिलेल्या अंड्यांचा पुडा. "नॉर्मननं मला नाताळातच सांगितलंय. मी तर मनात ठरवूनही ठेवलं होतं की तेवढे दिवस तुझ्याकडे राहायचं. तुला विचारायचं राहिलं." तिनं आजूबाजूला पाहिलं. काजळी, काड्या, उघड्या खिडक्या, पिवळे दिवे. "पोरी, मी तुला काय सांगून गेले होते?"

"दार उघड म्हणून."

"सगळीच उघडलीस."

अख्तरबाईंनी टॅबलेट बंद केला. "हे मी आज पाठवत नाही," त्या म्हणाल्या. "सगळं होतं तसं परत लावा. जाकीट, पाटी, दिवे. आणि दादा, ते झाकण सुरीनं कापून मोकळं करा, डोक्यानं नाही. मी पुढच्या आठवड्यात परत येते. आणि बाई, माझ्यासाठी काही आवरू नका. या कामात घरातली सगळ्यांत कुरूप वस्तूच बहुधा कामाची निघते."

संध्याकाळी ब्रेंडा कॉनीबरोबर काजळी झाडत होती. मागच्या अंगणातून तो वाळूचा साप आणून तिनं उंबऱ्यावर ठेवला, उसवलेली शिवण दोन टाके घालून नीट केली. मग न राहवून म्हणाली, "तू खाली झोपतेस. मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"मी? कॉनी, मी सगळं विचारते!"

"लोकांचं विचारतेस, पोरी," कॉनी म्हणाली. बोचेल असं नाही, नुसतं सांगावं तसं. "माझ्याजवळ बसून लोकांचं विचारतेस. मला आवडतं ते. म्हणून मी आपलं कधी मध्ये आणलं नाही."

ब्रेंडा पुष्कळ वेळ एकाच जागी फडकं फिरवत राहिली.

पुढच्या आठवड्यात घराला ई मिळालं, जाकिटासकट. मार्चमध्ये गवंडी आले आणि कॉनी आपली पिशवी घेऊन सोळा नंबरात राहायला गेली. ब्रेंडानं मागची खोली अशी सजवली होती की काय सांगावं! नवी चादर, डॅफोडिलची फुलं, खाटेजवळ बिस्किटांचा डबा. आता या बाईला मी ऊब म्हणजे काय ते दाखवते, असं ती सबंध रस्त्याला सांगत होती.

एक बारीकशी गोष्ट मात्र ब्रेंडाच्या लक्षात आली नव्हती. तिचं वय असं होतं की दिवसातून कितीदा तरी तिच्या अंगातून गरम वाफा निघत. मग ती मिळेल ती खिडकी उघडे आणि हीटर बंद करून टाके. तिला वाटायचं, घर फारच गरम आहे. ट्रेव्हर गेली दोन वर्षं घरात लोकरीची टोपी घालून बसत होता; तिला वाटायचं, टकलाची लाज वाटते बिचाऱ्याला.

कॉनीनं काही दिवस कोट घालून चहा घेतला. मग हातमोजे घालून घेतला. आणि महिनाअखेरच्या सकाळी ती पिशवी भरून जिन्यात उभी राहिली.

"अगं, काम कुठे संपलंय?" ब्रेंडा ओरडली. "तिकडे जमीन उखडलेली आहे!"

"पुढच्या खोलीतलं झालंय. नॉर्मन म्हणाला, राहता येईल."

"धूळ आहे तिथे!"

"आहे," कॉनी म्हणाली. "पण ऊबदार धूळ आहे." आणि तिनं ब्रेंडाच्या गालाला हात लावला. हात बर्फासारखा होता. "रागावू नकोस. ये ना चहाला. पुढच्या दारानं ये."

तेव्हा खाटकाच्या दुकानातली बातमी अगदीच खोटी नव्हती. मार्चअखेर कॉनी घराबाहेर पडली, एवढं खरं. फक्त ते घर नॉर्मनचं नव्हतं, ब्रेंडाचं होतं.

ट्रेव्हर पिशवी पोचवायला तिच्याबरोबर शेजारी गेला. पाच पावलांचं अंतर. जेवण गार झालं, ब्रेंडानं दोनदा भिंतीवर थाप मारली, तरी त्याचा पत्ता नाही. शेवटी चार वाजता उगवला. गाल लाल, चेहऱ्यावर असं समाधान की लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसलं नव्हतं.

"पिशवी पोचवायला इतका वेळ?" ब्रेंडानं विचारलं.

"नाही," ट्रेव्हर म्हणाला. "जरा बसलो होतो. टोपी काढून."